मागेल तेवढे की कारण लिहून? अल्ब्युमिन देण्याच्या दोन पद्धती

इंदुरातल्या दोन खासगी रुग्णालयांच्या औषध विभागात मिळून माझी एकोणीस वर्षे गेली, पहिल्यात अकरा आणि दुसऱ्यात आठ. दोन्ही इमारतींमधले अंतर स्कूटरने पंधरा-वीस मिनिटांचे. येणारे रुग्ण धार, झाबुआ, खरगोन, देवास इकडचे आणि शहरातल्या त्याच त्या वसाहतींमधले. आयसीयूतल्या खाटाही जवळपास तेवढ्याच. तरीही शिरेतून द्यायच्या अल्ब्युमिनच्या, म्हणजे रक्तातल्याच एका प्रथिनाच्या, बाटल्या पहिल्या ठिकाणी ज्या वेगाने संपत, त्या वेगाने त्या दुसऱ्या ठिकाणी कधीच संपल्या नाहीत. नोकरी बदलली तेव्हा मला वाटले होते की पहिल्याकडे यकृताचे रुग्ण अधिक येत असावेत. मग दुसऱ्या रुग्णालयात माझ्या काउंटरवर एक ओळखीचे अक्षर आले. पोटविकारांचे हे तज्ज्ञ सकाळी पहिल्या ठिकाणी आणि दुपारनंतर दुसऱ्या ठिकाणी राउंड घेत असत. त्यांचे अक्षर मी अनेक वर्षे वाचलेले होते. तेच डॉक्टर, तोच आजार, आणि चिठ्ठीवरचा आकडा मात्र निम्म्याहून कमी. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की अल्ब्युमिनचा वापर ठरवण्यात डॉक्टरांच्या मताइतकाच त्या त्या इमारतीच्या सवयीचाही वाटा असतो.

हा आढावा रुग्णांसाठी नाही. इंदूर-उज्जैन-देवास पट्ट्यात पन्नास-साठ खाटांची जी नवी रुग्णालये उभी राहत आहेत, तिथे औषधांचे नियम ठरवायला बसलेल्या डॉक्टरांसाठी, व्यवस्थापकांसाठी आणि माझ्यासारख्या फार्मासिस्टांसाठी तो आहे. बाटलीत किती टक्क्यांचे द्रावण असते, ते कशापासून बनते, कोणत्या कंपनीचा माल बरा, हे त्यांना ठाऊक असते, म्हणून त्यात शिरत नाही. प्रश्न एवढाच आहे की बाटली स्टोअरमधून बाहेर कशी पडावी.

पहिल्या रुग्णालयाची पद्धत मी 'खुली' म्हणतो. राउंडवर डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले, सिस्टरांनी चिठ्ठी नातेवाइकाच्या हाती दिली, नातेवाईक काउंटरवर आला, पैसे भरून बाटली घेऊन वर गेला. मध्ये कोणी काही विचारत नाही. दुसऱ्या रुग्णालयात 'गुलाबी कागद' होता. अल्ब्युमिन हवे असेल तर वॉर्डातून गुलाबी रंगाचे एक कारणपत्र येई. त्यावर रुग्णाचे वजन, देण्याचे कारण, किती ग्रॅम, किती दिवस, आणि पोटातले पाणी काढले असेल तर किती लिटर, एवढे भरलेले आणि खाली वरिष्ठ डॉक्टरांची सही असली की बाटली थेट वॉर्डात जात असे. नातेवाईक मध्ये नसे, आणि बाटली लावली गेली की मगच ती बिलात चढत असे. कारणांसाठी पाच चौकोन छापलेले होते: मोठे टॅपिंग (सुईने पोटातले बरेच पाणी काढणे), पोटातल्या पाण्याचा संसर्ग, सिऱ्होसिसमध्ये (यकृत निबर होण्याच्या आजारात) बिघडलेली किडनी, प्लाझ्मा एक्सचेंज (रक्तद्रव बदलणे), आणि 'इतर, कारण लिहावे'. 'रक्तातले अल्ब्युमिन कमी आहे' असा चौकोन नव्हता. ज्यांनी तो कागद तयार केला त्यांनी तो मुद्दाम ठेवला नव्हता, आणि सगळी भांडणे त्या न छापलेल्या चौकोनावरूनच होत.

भांडणाला दोन्ही बाजूंनी आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. अल्ब्युमिनबद्दल वैद्यकशास्त्राचे मत माझ्या नोकरीच्या आधीपासून हेलकावे खात आले आहे. हार्वर्डमध्ये एडविन कोन यांनी रक्तद्रवातून ते वेगळे काढले आणि डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरच्या जखमींना ते दिले गेले. तेव्हापासून ते मोठ्या मानाचे औषध ठरले. पुढे 1998 मध्ये, वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन गटाने 30 चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला आणि गंभीर रुग्णांत अल्ब्युमिनमुळे दर शंभरामागे सुमारे 6 मृत्यू जादा होतात, असा इशारा दिला. त्यावर मोठा गहजब झाला. मग 2004 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या 16 आयसीयूंमधल्या जवळजवळ 7,000 रुग्णांवरची 'सेफ' चाचणी आली. तिच्यात अल्ब्युमिन आणि साधे सलाइन यांत 28 दिवसांच्या मृत्यूंचा फरक निघाला नाही. त्यात एक अपवाद होता. डोक्याला मार लागून मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचा पाठपुरावा 2007 मध्ये छापून आला, आणि दोन वर्षांनंतर अल्ब्युमिन मिळालेल्यांपैकी 33 टक्के तर सलाइन मिळालेल्यांपैकी 20 टक्के दगावलेले आढळले. अपघाताचे रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयाने बाकी काही नाही तरी एवढे वाक्य आपल्या आयसीयूच्या भिंतीवर चिकटवावे, असे मला वाटते.

म्हणजे धोका नाही म्हणावे तर डोक्याची दुखापत आहे, आणि फायदा नाही म्हणावे तर सिऱ्होसिस आहे. 1999 मध्ये स्पेनमधून आलेल्या एका चाचणीत, जलोदराच्या पाण्याला संसर्ग झालेल्या 126 रुग्णांपैकी निम्म्यांना प्रतिजैविकासोबत अल्ब्युमिन दिले गेले. पहिल्या दिवशी दर किलोमागे दीड ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम. किडनी बिघडण्याचे प्रमाण 33 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणि रुग्णालयातले मृत्यू 29 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आले. इतका ठळक फरक आमच्या धंद्यात क्वचितच पाहायला मिळतो. पाच लिटरहून अधिक पाणी एकाच वेळी काढले तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम द्यावे, यावरही आता फारसे दुमत नाही.

दुमत आहे ते आकड्याच्या पाठलागावर. रक्तातले अल्ब्युमिन 2.3 (शंभर मिलिलिटरमागे ग्रॅम) आले, म्हणून ते 3 वर नेण्यासाठी रोज बाटल्या लावायच्या, ही सवय मी पहिल्या रुग्णालयात रुजलेली पाहिली आणि ती तिथेच होती असे नाही. गंभीर आजारात हा आकडा पडतो तो केवळ यकृत कमी बनवते म्हणून पडत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंती गळू लागतात आणि अल्ब्युमिन बाहेर झिरपते. बाटलीतून वर ओतलेलेही तिथूनच झिरपते. 2014 मध्ये इटलीतल्या 100 आयसीयूंमध्ये सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाने अवयव बिघडू लागलेल्या, 1,818 रुग्णांवर हाच पाठलाग पद्धतशीरपणे करून पाहण्यात आला. आकडा 3 पर्यंत चढवला तरी जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. 2021 मध्ये ब्रिटनमधल्या 'अटायर' चाचणीत सिऱ्होसिसने रुग्णालयात दाखल झालेल्या 777 रुग्णांवर तेच केले. तिथेही फायदा दिसला नाही, उलट फुफ्फुसात पाणी साचण्यासारखे गंभीर त्रास अल्ब्युमिनच्या गटात अधिक आढळले. तरी खुल्या पद्धतीच्या बाजूने बोलणाऱ्यांकडेही एक पुरावा आहे, आणि तो मी दडवणार नाही. 2018 मध्ये इटलीतूनच आलेल्या 'आन्सर' चाचणीत जलोदराच्या रुग्णांना घरून ये-जा करत दर आठवड्याला 40 ग्रॅम अल्ब्युमिन अठरा महिने दिले गेले. त्यात जिवंत राहिलेले 77 टक्के, आणि नेहमीच्या उपचारांवर 66 टक्के होते. आमच्या त्या पोटविकारतज्ज्ञांचे म्हणणे असे की दीर्घकाळ, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मात्रेत देणे आणि दाखल झालेल्या माणसाच्या आकड्यामागे धावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला ते पटते. पण पहिली गोष्ट करायला लागणारे पैसे आणि चिकाटी असलेली किती कुटुंबे आपल्याकडे येतात, हा प्रश्न उरतोच.

रक्तसंक्रमणशास्त्राच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने 2024 मध्ये 14 शिफारशी मांडल्या. त्यांपैकी अल्ब्युमिन द्यावे अशी शिफारस दोनच प्रसंगांत आहे, आणि ते दोन्ही सिऱ्होसिसचेच आहेत: मोठे टॅपिंग आणि पाण्याचा संसर्ग. दुसरीकडे सेप्सिसची 2021 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका, भरपूर सलाइन देऊन झाले असेल तर अल्ब्युमिन वापरावे, असा सौम्य सूर लावते. सूरच असा वेगवेगळा असेल तर प्रत्येक रुग्णालयाची आपली एक परंपरा तयार होणारच.

आता पद्धतींकडे वळतो. खुल्या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे वेग. रात्री दोन वाजता टॅपिंग झाले, रक्तदाब ढासळला, तरी बाटली पंधरा मिनिटांत वर पोहोचत असे. वरिष्ठ डॉक्टरांना कोणाला उत्तर द्यावे लागत नाही, आणि ज्यांना रोज तीस वर्षांचा अनुभव वापरायचा आहे, त्यांना कागद भरायला लावणे हा त्यांचा एक प्रकारे अपमान वाटतो, हेही मी समजू शकतो. पहिल्या रुग्णालयात कोणी वाईट हेतूने जादा बाटल्या लिहीत होते, असे मला कधी दिसले नाही. सवय होती. राउंडमागून राउंडला नवा रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) जुन्या रेसिडेंटचे पाहून लिहीत असे, आणि नातेवाइकांचीही मागणी असे. आमच्याकडे अल्ब्युमिनला 'ताकत की बोतल' म्हणतात. वीस टक्क्यांच्या शंभर मिलिलिटरमध्ये वीस ग्रॅम प्रथिन असते. एवढे तर दोन-तीन वाट्या घट्ट वरणातूनही पोटात जाते. शिरेतून दिलेले हे अल्ब्युमिन ताकद म्हणून वापरायला शरीराला दोन-तीन आठवडे लागतात, हे सांगून कोणाला पटत नाही. बाटली महाग आहे, म्हणजे ती चांगलीच असणार, हा हिशेब सोपा पडतो.

माझ्या स्वतःच्या मामाच्या वेळी हे मला घरातून पाहावे लागले. मामा राजेंद्रनगरला राहत. आयुष्यात दारूला हात न लावताही त्यांना मधुमेहामागून सिऱ्होसिस झाला होता. ते मी काम करत होतो त्याच पहिल्या रुग्णालयात दाखल झाले. अल्ब्युमिन 2.2 आले आणि चार दिवस रोज एक बाटली लागली. मामी रोज विचारायची, "अरे, आज ताकदीची बाटली लागली का रे?" आणि मीही, फार्मासिस्ट असून, "हो मामी, लागली" म्हणत असे. पाचव्या दिवशी पोट तट्ट फुगले म्हणून टॅपिंग झाले आणि नऊ लिटर पाणी निघाले. लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम धरले तर 54 ते 72 ग्रॅम, म्हणजे तीन किंवा चार बाटल्या हव्या होत्या. लिहिल्या गेल्या दोन. राउंडच्या डॉक्टरांनी विचारले होते, "घरचे आणखी खर्च करू शकतील ना?" आणि मामाचा मुलगा गप्प राहिला होता. जिथे गरज नव्हती तिथे चार बाटल्या गेल्या आणि जिथे खरेच गरज होती तिथे हात आखडला. खुली पद्धत म्हणजे जादा वापर, अशी सगळ्यांची समजूत असते. माझा अनुभव असा की ती एकाच रुग्णात जादा आणि कमी, दोन्ही करून दाखवते. मामा त्या वेळी घरी आले, हे सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको.

मामाच्या प्रसंगानंतरही मी पहिली पद्धत वाईट ठरवली नव्हती. ठरवले ते काउंटरवरच्या एका त्रासाने, आणि तो ऐकायला फार क्षुल्लक वाटेल. तो म्हणजे परत आलेल्या बाटल्या.

सकाळी दहाच्या राउंडला 'अल्ब्युमिन 20 टक्के, 3' असे लिहिले जाते. नातेवाईक तासाभरात पैशाची जुळवाजुळव करून तीन बाटल्या घेऊन जातो. बारा वाजता छातीचा एक्स-रे येतो, त्यात फुफ्फुसात पाणी दिसते, म्हणून एक बाटली लावून उरलेल्या दोन थांबवल्या जातात. किंवा संध्याकाळी वरिष्ठ येऊन टॅपिंगच पुढे ढकलतात. किंवा रुग्णाला घरचे दुसरीकडे नेतात. किंवा रुग्ण जातो. मग संध्याकाळी सहा-सातला काउंटरवर पिशवी घेऊन माणूस उभा राहतो, "भैया, ये वापस हो जाएगी क्या? सील भी नहीं टूटी है." मी अकरा वर्षांत हे वाक्य किती वेळा ऐकले त्याची मोजदाद ठेवली नाही. आठवड्याला दोन-तीनदा तरी नक्कीच, आणि कावीळ-डेंग्यूच्या हंगामात त्याहून अधिक.

परत घेणे शक्य नसते. ज्या मालाच्या खोक्यावर 2 ते 8 अंश तापमान लिहिलेले आहे तो फ्रीजबाहेर, मे महिन्याच्या इंदुरात, कोणाच्या पिशवीत, कोणत्या बाकड्यावर किती तास राहिला, हे मला कळायला मार्ग नसतो. जो माल 30 अंशांपर्यंत चालतो तोही बाहेर 42 असताना दुचाकीच्या डिकीत ठेवलेला असू शकतो. सील शाबूत असणे म्हणजे आतले औषध शाबूत असणे नव्हे. ती बाटली मी कपाटात ठेवली, तर उद्या ती दुसऱ्या कोणाच्या शिरेत जाणार. नियम बरोबर होता आणि आजही मी तोच पाळीन. पण तो नियम समोरच्या माणसाला सांगण्याचे काम डॉक्टरांकडे नव्हते, सिस्टरांकडे नव्हते, व्यवस्थापनाकडेही नव्हते. ते काउंटरकडे होते.

एका संध्याकाळी धारकडचा एक तरुण आला. वडिलांसाठी त्याने दुपारी एकच्या सुमारास तीन बाटल्या नेल्या होत्या, बिल सोळा हजारांच्या घरात गेले होते, आणि चारला वडील गेले. एकही बाटली लावली गेली नव्हती. तो ओरडला नाही. त्याने बाटल्या एकेक करून काउंटरवर ठेवल्या, बिल त्यांच्या शेजारी ठेवले आणि विचारले की शववाहिकेचे पैसे तरी यातून वळते होतील का. मी वरच्या साहेबांना फोन केला, त्यांनी नियम सांगितला, आणि तो मी त्या तरुणाला सांगितला. त्याने बाटल्या पुन्हा पिशवीत भरल्या. पुढे त्याने त्या बाटल्यांचे काय केले मला माहीत नाही. दवा बाजारात कोणीतरी कमी भावात घेतल्या असतील, आणि त्या पुढे कुठे गेल्या असतील, या विचाराने मला त्या आठवड्यात झोप नीट लागली नाही. अशा बाटल्या फिरत राहतात, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही.

दुसऱ्या रुग्णालयात आल्यावर पहिले काही आठवडे मला काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते, आणि काय ते लक्षात येत नव्हते. मग एका संध्याकाळी उमगले की सात वाजून गेले आहेत आणि पिशवी घेऊन कोणी आलेले नाही. आठ वर्षांत अल्ब्युमिन परत घ्या म्हणून आलेले नातेवाईक मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकेन, आणि तेही बाहेरून आणलेली बाटली घेऊन आलेले. कारण उघड होते. टॅपिंग झाल्याशिवाय लिटर कळत नाहीत, लिटर लिहिल्याशिवाय गुलाबी कागद पुरा होत नाही, आणि कागद पुरा झाल्याशिवाय बाटली फ्रीजमधून निघत नाही. निर्णय पक्का होईपर्यंत औषध माझ्याच फ्रीजमध्ये राहते. थांबवले तर काहीच बिघडत नाही, फाडला तर एक कागद फाटतो. गुलाबी कागदाकडे लोक वापर कमी करण्याचे हत्यार म्हणून पाहतात. वापर कमी होतो, ते खरेच आहे, कारण 'इतर'च्या रेघेवर 'अल्ब्युमिन लो' असे स्वतःच्या हाताने लिहिताना माणूस क्षणभर थांबतो. पण माझ्या दृष्टीने त्याचे खरे काम वेळेचे आहे. खरेदी निर्णयाच्या मागे चालते, पुढे धावत नाही.

गुलाबी कागदाचेही दोष आहेत आणि त्यातला एक गंभीर आहे. माझ्या दुसऱ्या वर्षी मध्यरात्रीनंतर एका रुग्णाच्या पोटातल्या पाण्याचा अहवाल आला. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी (न्यूट्रोफिल) दर घन मिलिमीटरला 250 च्या बऱ्याच वर, म्हणजे संसर्ग स्पष्ट. वजन साठ किलो, दीड ग्रॅमने 90 ग्रॅम, म्हणजे साडेचार बाटल्या. स्पेनच्या त्या चाचणीत पहिली मात्रा निदान झाल्यापासून सहा तासांच्या आत दिली होती. इथे ड्यूटी डॉक्टरांनी कागद भरला, पण वरिष्ठांच्या सहीची जागा रिकामी होती, फोन लागत नव्हता, आणि रात्रपाळीच्या फार्मासिस्टाने नियमावर बोट ठेवले. बाटल्या सकाळी सातनंतर गेल्या. त्या रुग्णाची किडनी पुढच्या आठवड्यात बिघडली. उशिरामुळेच बिघडली, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, तो आधीच फार आजारी होता. तरी त्या फार्मासिस्टाच्या जागी मी असतो तर काय केले असते, याचे उत्तर मला सुचत नाही. त्यानंतर समितीने नियम बदलला. मोठे टॅपिंग आणि पाण्याचा संसर्ग या दोन कारणांसाठी ड्यूटी डॉक्टरांची सही पुरे, वरिष्ठांची चोवीस तासांत घ्यावी, आणि आयसीयूच्या फ्रीजमध्ये सहा बाटल्या कागदाविना कायम ठेवाव्यात. हे दोन बदल पहिल्याच दिवशी करणार नसाल तर गुलाबी कागद आणूच नये, इतके मी जोर देऊन म्हणेन.

दुसरा दोष किरकोळ पण रोजचा: साडेचारमधली अर्धी बाटली. औषधात जंतूंची वाढ रोखणारे प्रिझर्व्हेटिव्ह नसते, उघडलेली बाटली काही तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते. आम्ही पन्नास मिलिलिटरच्या लहान बाटल्या ठेवू लागलो आणि प्रश्न मिटला, मात्र ग्राममागे त्या थोड्या महाग पडतात आणि पुरवठादार त्यांचा कंटाळा करतो.

प्लाझ्मा एक्सचेंज, भाजलेले रुग्ण, नेफ्रोटिक (लघवीतून प्रथिन गळणारी) मुले यांच्याबाबतीत दोन्ही पद्धतींत फारसा फरक मला दिसला नाही. तिथले डॉक्टर आधीच मोजून मागतात.

तुमच्याकडे एकच पोटविकारतज्ज्ञ असेल, तो स्वतः टॅपिंग करत असेल, स्वतः मात्रा लिहीत असेल आणि रेसिडेंटांची ये-जा नसेल, तर खुली पद्धत चालून जाईल, असे मला वाटते. एका माणसाची सवय चांगली असली तर कागदाची गरज पडत नाही. आयुष्मानसारख्या योजनेचे ठरीव पॅकेज घेणारे रुग्ण अधिक असतील तर बाटलीचा भार नातेवाइकावर न पडता रुग्णालयावर पडतो, आणि अशा ठिकाणी व्यवस्थापन गुलाबी कागद न मागता स्वतःच छापून आणते, हेही पाहिले आहे. त्या वेळी मात्र उलट काळजी घ्यावी. कागद नकार देण्यासाठी वापरला जाऊ लागला की नऊ लिटरच्या टॅपिंगलाही दोनच बाटल्या निघतात, आणि मग मामाच्या वेळी जे झाले तेच नव्या रंगाच्या कागदावर होते. चार-पाच विभागांचे तज्ज्ञ, फिरते रेसिडेंट आणि रोख पैसे भरणारे नातेवाईक असे मिश्र रुग्णालय असेल, आणि नवी रुग्णालये बहुतेक अशीच असतात, तर माझा कल कोणीकडे आहे हे एव्हाना कळलेच असेल. दुसऱ्या कोणाचा अनुभव वेगळा असू शकतो. परत आलेल्या बाटल्या ज्याने काउंटरवरून पाहिल्या नाहीत त्याला वेग अधिक महत्त्वाचा वाटेल, आणि त्याला मी चूक म्हणणार नाही.

एक व्यावहारिक सूचना उरली. गेल्या महिन्यात देवासच्या एका डॉक्टरांनी नमुन्याचा कागद मागितला म्हणून आमचा जुना गुलाबी कागद पाठवला, आणि पाठवण्याआधी त्यात एक दुरुस्ती केली. आठ वर्षांत सगळ्यात जास्त वेळा रिकामा आलेला रकाना सहीचा नव्हता, कारणाचाही नव्हता. तो वजनाचा होता. जलोदराच्या रुग्णाचे वजन कोणी करत नाही, कारण त्याला काट्यावर उभे करणे कठीण असते आणि पोटातले पाणी धरून आलेला आकडा फसवा असतो. मग अंदाजाने 'साठ' लिहितात, बायकांना 'पन्नास'. तो रकाना मी दुप्पट मोठा केला आहे, कारणाच्या वर नेऊन ठेवला आहे, आणि त्याखाली बारीक अक्षरात छापले आहे: मोजलेले की अंदाजे, पाणी काढण्यापूर्वीचे की नंतरचे.